दिवा आणि काटा: जुन्या पिकअपसोबत चार दिवस

ताईची बदली झाली. तिचं घरसामान नव्या गावी पोचवायचा विषय निघाला तेव्हा बाबा लगेच म्हणाले, "आपली पिकअप आहे की." ही पिकअप घरात आली तेव्हा मी तिसरीत होते. सिंगल केबिन, मागे लांब हौदा, साधं डिझेल इंजिन, आणि कॉम्प्युटर नावाची वस्तू औषधालाही नाही. मीटरवर २,७१,००० किलोमीटर. जायचं अंतर ३८०, मध्ये एक मोठा घाट. पहाटे निघून अंधार पडायच्या आत पोचायचं, असं ठरलं होतं. पोचायला दोन दिवस लागले.

हे लिहितेय ते जुनी गाडी घेऊन लांब जाणाऱ्यांसाठी. आम्ही दोनदा रस्त्यात अडकलो आणि दोन्ही वेळा बरोबर असलेल्या हत्यारांवरच सुटलो. काय बघितलं, काय कळलं, ते जमेल तितकं सविस्तर सांगते.

पहिला दिवस

साडेपाचला सेल्फ मारला. गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली आणि बॉनेटखालून बारीक 'चीं' असा आवाज आला. अर्धा मिनिट टिकला, मग गेला. बाबांनी मान कलती केली. "ऐकलंस?"

"दव बसलंय बेल्टवर," मी म्हणाले. "जाईल."

तो गेलाही. आम्ही निघालो. पहिले दीडशे किलोमीटर इतके सुखाचे गेले की सांगण्यासारखं काही नाही. पूर्वेला उजाडत होतं, खिडकी उघडी होती आणि मागे बांधलेल्या कपाटाचा दर खड्ड्याला एक ठोका.

साडेदहाच्या सुमारास घाट लागला. ऊन चढलं होतं, भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती. कितव्या तरी वळणावर बॉनेटखाली 'फट्' असा आवाज झाला, ओला टॉवेल झटकल्यासारखा. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. तो पाहते न पाहते तोवर टेंपरेचरचा काटा मधली खूण ओलांडून वर सरकायला लागला.

माझा पाय ब्रेककडे गेला. बाबा शांतपणे म्हणाले, "आधी जागा बघ, मग थांब."

वळणावर थांबलेली गाडी मागून येणाऱ्याला शेवटच्या क्षणी दिसते. शंभरएक मीटर पुढे रस्ता रुंद होत होता, तिथे डोंगराच्या बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. हँडब्रेक, चढ असल्यामुळे पहिला गिअर, मागच्या चाकांना दोन लाकडी ठोकळे, चारही इंडिकेटर चालू. लाल त्रिकोण बाबांनी वळणाच्या अलीकडे नेऊन ठेवला, म्हणजे वळायच्या आधीच तो दिसेल. सरळ, मोकळ्या रस्त्यावर आम्ही तो किमान ५० मीटर मागे ठेवतो. घाटात मीटर मोजण्यापेक्षा वळण बघायचं. मग आम्ही दोघं गाडीपासून लांब, रस्त्याबाहेरच्या कठड्याशी जाऊन बसलो. बंद पडलेल्या गाडीत बसून राहणं किंवा तिच्या मागे उभं राहणं, दोन्ही टाळायचं.

"चार्जिंग गेलं आणि गाडीही तापली," मी म्हणाले. "दोन्ही एकदम कसं काय?"

"दोन खुणा एकदम दिसल्या की दोन बिघाड शोधू नकोस. दोघांच्या मागचा एक शोध."

आमच्या गाडीत एकच फॅन बेल्ट तीन कामं करतो. रेडिएटरमागचा पंखा फिरवतो, इंजिनभर पाणी खेळवणारा पंप फिरवतो आणि वीज तयार करून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही फिरवतो. बेल्ट तुटला की अल्टरनेटर थांबतो, म्हणून दिवा लागतो. पंप आणि पंखा थांबतात, म्हणून काटा चढतो. दिवा आधी आणि काटा मागोमाग, हा क्रम दिसला की बॉनेट न उघडताही बेल्टचा संशय घ्यावा. अशा जुन्या डिझेल गाडीला धावताना विजेची फारशी गरज नसते, त्यामुळे नुसत्या दिव्यावर ती पुढे जात राहते आणि माणूस फसतो. घात करते ती उष्णता. एरवी गाडी थोडी तापली तर केबिनचा हीटर पूर्ण सोडून थोडी उष्णता बाहेर काढता येते, पण पंपच थांबला असेल तर हीटरपर्यंत गरम पाणी पोचतच नाही. तेव्हा इंजिन ताबडतोब बंद करणं हाच उपाय.

रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही, हे सगळे सांगतात. कारण समजलं की हात आपोआप आवरतो. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, आणि आपण जितकं उंचावर जाऊ तितकं ते लवकर उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी. पण झाकणाने आतला दाब धरून ठेवलेला असतो. बाहेरच्या हवेपेक्षा एक बार (म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) जास्त दाब असेल तर पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की तो दाब एका क्षणात जातो आणि आतल्या पाण्याचा भडका उडून वाफ होते. तोंड आणि हात नेमके त्याच्यावर असतात.

म्हणून वाट बघत बसलो. बाबांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातली वही काढली. गाडी घेतल्यापासून तिला काय काय केलं ते सगळं त्या वहीत आहे: तारीख, मीटर, काम. बेल्टची शेवटची नोंद सहा वर्षांपूर्वीची, ५८,००० किलोमीटर मागची. त्याच ओळीत पुढे लिहिलं होतं, "दोन घेतले. एक सीटमागे."

वाट बघताना मी त्यांना बर्था बेंझची गोष्ट सांगितली. ऑगस्ट १८८८ मध्ये ही बाई नवऱ्याला, म्हणजे कार्ल बेंझला, न सांगता त्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. शंभराहून जास्त किलोमीटर. मोटारीने केलेला जगातला पहिला लांबचा प्रवास तो हाच. इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिने टोपीच्या टाचणीने साफ केली. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांच्यावर कातडं ठोकून घेतलं. इंजिन थंड ठेवायला जागोजागी पाणी भरत गेली.

बाबांनी लक्ष देऊन ऐकलं. "बेल्ट होता का तिच्या गाडीत?"

"होता. चामड्याचा."

"मग त्याचीही तिने काळजी घेतली असणार," ते म्हणाले आणि वही मिटली.

रस्त्याकडेचं गवत कापणारी दोन माणसं खालून वर आली. गाडी बघून आपणहून थांबली, आणि त्यांतला तरुण न विचारता आमचा रिकामा कॅन घेऊन झऱ्याकडे गेला. वयस्क माणूस बॉनेटपाशी आला. त्यांनी पत्र्याला हात लावला नाही. वीतभर अंतरावर तळवा नुसता धरला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाले, "अजून नाही." पंधरा मिनिटांनी परत धरला, मग पाठीमागून पालथा धरला. "आता उघडा." घड्याळात बघितलं, गाडी बंद करून पन्नास मिनिटं झाली होती. तरीही झाकणावर जाड फडकं टाकलं, पहिल्या खाचेपर्यंतच फिरवलं, 'स्स्' थांबू दिलं आणि मगच काढलं. पाणी थोडं कमी होतं. ते हळूहळू, थांबत थांबत घातलं. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतलं तर लोखंडाला तडा जाऊ शकतो.

तुटलेला बेल्ट खालच्या पत्र्यावर पडला होता. मी तो हातात घेऊन उन्हात धरला. दोन्ही कडा पाटीच्या दगडासारख्या गुळगुळीत, चकचकीत झालेल्या. आतल्या बाजूला आडव्या भेगा, नखाएवढ्या अंतरावर एकेक. तुटलेल्या टोकाला दाढीसारखे सुटलेले धागे. चांगल्या बेल्टची कड मंद, खरखरीत असते, तिच्यामुळेच तो पुलीला धरून राहतो. ही कड घासून काच झाली होती. बेल्ट घसरत होता, घसरून तापत होता, तापून कडक होत होता. असं किती दिवस चाललं असेल!

सीटमागचा बेल्ट वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. बसवायला वीस मिनिटं लागली. अल्टरनेटरचा खालचा नट थोडा सैल, वरचा जास्त सैल, मग अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलायचा. बेल्ट आधी खालच्या मोठ्या पुलीवर, मग पाण्याच्या पंपावर, शेवटी अल्टरनेटरवर चढवायचा. स्क्रू ड्रायव्हरने ओढून चढवायचा मोह होतो, तो टाळा, नवीन बेल्टच्या आतले धागे तिथेच तुटतात. मग टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, अल्टरनेटर बाहेर रेटून धरायचा. टॉमी जाड अंगाला टेकवायची, मागच्या पातळ जाळीला नाही. बाबांनी रेटला, मी नट आवळले. दोन पुलींच्या मधल्या लांब भागावर अंगठ्याने दाबलं की बेल्ट सेंटिमीटरभर आत गेला पाहिजे. त्याहून जास्त गेला तर घसरेल, अजिबात गेला नाही तर पंपाच्या बेअरिंगवर ताण येईल.

सेल्फ मारला. दिवा विझला. काटा मधल्या खुणेवर येऊन थांबला.

घाटमाथ्यावर पोचल्यावर इंजिन बंद करून बेल्ट पुन्हा दाबून बघितला. अंगठा आता दीड सेंटिमीटर आत जात होता. नवा बेल्ट पहिल्या काही किलोमीटरमध्ये ताणतो, म्हणून बसवल्यावर एकदा पुन्हा आवळावाच लागतो. तोवर दुपार कलली होती. भरलेल्या गाडीने अंधारात जायला नको म्हणून पठारावरच मुक्काम केला. रात्री ध्यानीमनी नसताना पाऊस आला, आणि आम्ही दोघं टॉर्च घेऊन ताडपत्रीच्या दोऱ्या आवळत होतो.

दुसरा दिवस

पहाटेची हवा इतकी धुतलेली होती की लांबच्या टेकड्यांवरची झाडं मोजता आली असती. निघण्याआधी बॉनेट उघडलं, बेल्ट बघितला, पाणी बघितलं. सेल्फ मारून दोघंही कान देऊन उभे राहिलो. काहीच आवाज नाही.

चाळीसएक किलोमीटरवर गाडीची ओढ गेली. अॅक्सिलरेटर दाबतेय आणि पुढे जोर नाही. मग एकदम सावरली, पुन्हा ढेपाळली, दोन हिसके दिले आणि बंद पडली. उतार होता म्हणून न्यूट्रलमध्ये कडेला आणता आली.

"एअर घेतली," बाबा म्हणाले.

पेट्रोल गाडीत ठिणगीचा संशय आधी घेतात. डिझेलमध्ये ठिणगी नाहीच. हवा दाबून इतकी तापवतात की डिझेल फवारताच पेट घेतं. पण फवारा उडवणाऱ्या पंपाला डिझेल सलग लागतं. मध्ये हवेचा बुडबुडा आला की पंप त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो, हवा दबते आणि फवारा उडतच नाही. डिझेल संपेपर्यंत गाडी चालवू नये ते याचसाठी. टाकी पुन्हा भरली तरी नळीतली हवा काढल्याशिवाय इंजिन लागत नाही. आमच्या टाकीत मात्र पाव टाकी डिझेल होतं.

आमच्या डिझेल फिल्टरखाली काचेची वाटी आहे. तिच्यात पाणी साठलं असतं तर तळाशी वेगळा थर दिसला असता. तसं नव्हतं. डिझेल होतं, आणि त्यावर हरभऱ्याएवढा एक बुडबुडा, मी बोटाने काच टिचकावली की थरथरणारा.

एअर काढायची पद्धत अशी. फिल्टरच्या वरचा छोटा स्क्रू दोन आटे सैल करायचा, खाली फडकं धरायचं आणि हाताने दाबायचा पंप दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग फेस आणि डिझेल मिसळून, मग स्वच्छ सलग धार. धार वाहत असतानाच स्क्रू आवळायचा, पंप सोडून मग आवळला तर हवा पुन्हा आत. त्यानंतरही लागली नाही तर आमच्यासारख्या जुन्या इंजिनात इंजेक्टरच्या, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोट्यांच्या, नळ्यांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारतात. पण तिथे शंभर बारच्या पुढचा दाब असतो, बारीक फवाराही कातडी भेदून आत जातो. हात लांब ठेवावा. आणि नव्या कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून डिझेल देणाऱ्या) इंजिनाच्या नळ्यांना तर रस्त्यात हातच लावू नये, तिथला दाब एक हजार बारच्याही पुढे असतो.

आमची स्क्रूवरच लागली. आम्ही खुश झालो, हत्यारं आवरली आणि निघालो. दोन किलोमीटरवर पुन्हा बंद.

दुसऱ्यांदा एअर काढत होतो तेव्हा एक मालवाहू ट्रक पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर चालत मागे आले, पन्नाशीचे, बरोबर नुकतंच काम शिकायला लागलेलं एक पोरगं. त्यांनी काहीच विचारलं नाही. गुडघ्यावर बसून गाडीखालची जमीन बघितली, मग पोराला म्हणाले, "काय दिसतं?"

"काहीच नाही."

"तेच दिसायला हवं. पंपाच्या पुढे फट असती तर डिझेल बाहेर आलं असतं, जमीन ओली असती. जमीन कोरडी आहे. म्हणजे फट पंपाच्या मागे आहे. तिथे पंप ओढतो, म्हणून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते." मग बाबांकडे वळून, "काका, टाकीकडून बघत या."

हे मला आधी सुचायला हवं होतं, आणि आता कधीच विसरणार नाही. काल टाकी भरलेली होती, डिझेलची पातळी नळीच्या वर होती, पंपाला फार ओढावं लागत नव्हतं. आज पाव टाकीवर तो जोर लावून ओढत होता आणि डिझेलऐवजी फटीतली हवा खेचत होता.

टाकीतून निघणारी रबरी नळी बघायला अगदी ठीक होती. त्यांनी क्लिपच्या शेजारी अंगठा ठेवून ती हलकेच वाकवली. वाकवताच केसाएवढी चीर उघडली, सोडताच मिटली. नुसतं बघून ती कुणालाच सापडली नसती. रबराची नळी तपासायची तर वाकवून, आणि क्लिपच्या कडेला आधी.

नळीला थोडी ढील होती. बाबांनी चिरेच्या पुढे धरून दीड इंच सरळ कापली, टोक पुसून पुन्हा चढवलं, क्लिप आधी होती तिथे न लावता थोडी आत आवळली. पोराने पंप दाबला, मी काच बघत राहिले. फेस, फेस, मग एकेक बुडबुडा, मग स्वच्छ. दहा दाबांनंतरही बुडबुडा आला नाही. तेव्हा स्क्रू आवळला.

निघताना ड्रायव्हरनी कापलेला तुकडा मागून घेतला, "याला दाखवायला." आम्ही पुढे गेलो तेव्हा ते पोरगं पायरीवर बसून तो तुकडा पुन्हापुन्हा वाकवून बघत होतं.

संध्याकाळी सहाला ताईच्या दारात पोचलो. वाटेत टाकी पूर्ण भरून घेतली होती.

तिसरा दिवस

सामान उतरवण्यात गेला. दुपारी बेल्ट आणि नळी घेऊन आलो. दुकानात जुना बेल्ट बरोबर न्यावा. नुसतं गाडीचं नाव सांगितलं तर लांबी जुळते पण रुंदी चुकते असं होतं, आणि अरुंद बेल्ट पुलीच्या तळाला टेकून घसरत राहतो. सहा वर्षं पडून असलेला बेल्ट काढला, नवा बसवला. दुसरा नवा सीटमागे, त्यावर खडूने महिना आणि वर्ष. नळी तुकडा न जोडता टाकीपासून फिल्टरपर्यंत पूर्ण बदलली. सीटमागच्या पेटीत आता हेही आहे: वेगवेगळ्या मापाच्या चार क्लिपा, हातभर नळी, तार, इन्सुलेशन टेप, जंप केबल, डोक्याला लावायचा टॉर्च, आणि प्यायच्या पाण्याखेरीज दहा लिटर पाणी.

चौथा दिवस

रिकामी गाडी परतीला उड्या मारत होती. घाट उतरून झाल्यावर रस्त्याकडेला एक छोटी कार दिसली, बॉनेट उघडं, शेजारी आईवडील आणि सावलीत बसलेली दोन मुलं. बाबांनी माझ्याकडे बघायच्या आधीच मी इंडिकेटर दिला होता.

सेल्फला नुसती 'टक्' येत होती. बॅटरीच्या एका टोकावर हिरवट पांढरी बुरशी जमली होती आणि टर्मिनल बोटाने फिरत होतं. ते काढून घासलं, आवळलं, पण बॅटरी उतरलीच होती. जंप केबल लावली: लाल टोक उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं लाल आपल्या प्लसला, काळं आपल्या मायनसला, आणि शेवटचं काळं त्यांच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते, म्हणून ती तिथे नको. पाच मिनिटं आपली गाडी चालू ठेवली, मग त्यांची लागली. मोठ्या मुलाने मला विचारलं की शेवटची वायर तिकडे का लावली, तेव्हा त्याला सगळं परत सांगितलं. त्याला ते खूप आवडलं.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. बाबांनी वही माझ्यापुढे सरकवली. मी तारीख टाकली, मीटर टाकला आणि लिहिलं: "घाटात फॅन बेल्ट तुटला, बदलला. टाकीजवळची नळी चिरली, एअर घेत होती, नळी बदलली."

बाबांनी चष्मा लावून वाचलं. "चीं कधी वाजलं होतं?"

मी पेन घेतलं, वरच्या दोन ओळींमधल्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलं: "पहाटे साडेपाचला आवाज आला होता. अर्धा मिनिट."